अंगाखांद्यावरचं नातं

दत्तकाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं दोनच दिशांना जातं. एक रक्ताची: कुणाचं मूल, कुठल्या जातीचं, पुढे काय गुण उधळेल. दुसरी मनाची: प्रेम असलं की झालं, जन्म कुणी दिला त्याला काय महत्त्व. शिशुगृहात समाजसेविका म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवल्यावर मला पहिली गोष्ट खोटी वाटते आणि दुसरी अर्धीच खरी. रक्ताच्या गोष्टी करणाऱ्यांना वंश हवा असतो, मनाच्या गोष्टी करणाऱ्यांना सुविचार. कूस, पान्हा, अंगाचा वास, कडेवरचा भार, रात्रीची जागरणं यांबद्दल दोघंही गप्प असतात. मी घरभेटींचे अहवाल लिहिले, बालकल्याण समितीपुढे बसले, कोर्टाच्या तारखा पाहिल्या. आई आणि मूल म्हणजे काय ते मात्र मला बाळंतिणींच्या खाटांपाशी आणि पाळण्यांच्या खोलीत कळलं.

आधी जन्मदात्रीबद्दल सांगते, कारण दत्तकाच्या गोष्टीत ती शेवटी येते किंवा येतच नाही.

मूल सोपवायचं तर आईला बालकल्याण समितीपुढे येऊन कागद करून द्यावा लागतो. त्यानंतर मन बदललं तर बाळ परत नेण्यासाठी तिला ६० दिवसांची मुदत असते. तोवर ते बाळ दत्तक देता येत नाही. नियम शहाणपणाचा आहे. पण सही झाली म्हणून शरीर थांबत नाही. वार पडली की आतली संप्रेरकं बदलतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. बाळ कुशीत आहे, दुसऱ्या इमारतीत आहे की या जगातच नाही, याची शरीराला खबर नसते.

मराठवाड्यातल्या एका गावातून आलेली एक मुलगी आठवते. विशी नुकतीच ओलांडलेली, लग्न न झालेली. बाळाचं तोंडही पाहायचं नाही, असं तिनं आधीच ठरवलं होतं आणि ते पाळलं. तिसऱ्या रात्री तिला ताप भरला. छाती टणक झाली होती, हात खाली घेता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नर्सनं कोबीची थंड पानं ठेवली, आणि आमच्याकडच्या एका वयस्क सुईणीनं जुन्या पद्धतीप्रमाणे मोगऱ्याची फुलं बांधली. दोन दिवसांनी जरा उतार पडल्यावर ती माझ्याशी बोलली. बाळाबद्दल अवाक्षर नाही. तिचे प्रश्न वेगळे होते. "ताई, पोटावरच्या ह्या रेघा जातात का? उद्या लगीन झालं तर त्याला कळंल का? डॉक्टरीणबाई वळकतील का?"

रेघा फिकट होतात, पुरत्या जात नाहीत. नवऱ्याला कळेलच असं नाही, डॉक्टर मात्र ओळखू शकतात आणि त्यांना खरं सांगण्यात तिचंच भलं आहे, असं मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आमच्या समुपदेशनाच्या फॉर्ममध्ये कारणं विचारायला भरपूर रकाने होते: आर्थिक स्थिती, कुटुंबाचा पाठिंबा, निर्णय स्वखुशीचा आहे का. शरीराला एकही रकाना नव्हता. त्यानंतर आम्ही सोपवणाऱ्या प्रत्येक आईला दूध आटण्याचे उपचार, लोहाच्या गोळ्या आणि दीड महिन्यानंतरची तपासणी मिळेल असं पाहू लागलो. बाळ देऊन टाकलं तरी बाळंतीण बाळंतीणच असते. तिला कुणी डिंकाचा लाडू देत नाही, शेक देत नाही. बहुतेकींना आठवड्याच्या आत गावी जाऊन पाणी भरायचं असतं, कारण घरात कुणाला कळू द्यायचं नसतं.

दुसरी एक बाई विवाहित होती. तीन मुलींवर चौथी मुलगी झाली म्हणून ती सोपवायला आली होती. म्हणजे आणली गेली होती. सही करून गेली आणि महिन्याभरानं एकटीच एसटीनं परत आली. शेजारणीचं पोर रडायला लागलं आणि हिचं पोलकं भिजलं, एवढंच तिनं सांगितलं. दुसऱ्याच्या बाळाच्या रडण्यानं पान्हा फुटणं ही काही चमत्काराची गोष्ट नाही. रडणं ऐकलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि दूध वाहू लागतं. ती मुलीला घेऊन गेली. पण केवळ पान्हा फुटला म्हणून गेली असं मी म्हणणार नाही. तिच्या भावानं दोघींना ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. तसा भाऊ नसलेल्या कितीतरी जणी भिजल्या पोलक्यानिशी गावीच राहिल्या असतील.

काही जणी पुढे वर्षानुवर्षं फोन करत. बाळ कुठे आहे ते आम्ही सांगू शकत नव्हतो, त्याही तसं विचारत नसत. "बरं हाय न्हवं?" एवढंच. पूर्वी मी याला मनाची ओढ म्हणत असे. मग वाचनात आलं की गर्भाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि तिथेच राहतात. १९९६ मध्ये डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मुलगा होऊन २७ वर्षं उलटलेल्या एका बाईच्या रक्तातही पुरुष पेशींच्या खुणा सापडल्या होत्या. या पेशींमुळे आई मुलाला आठवते, असं विज्ञान म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. मात्र "दे आणि विसरून जा" असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना मी ही माहिती आवर्जून सांगू लागले.

बाळाच्या बाजूनंही तेच. "एवढ्याशा जिवाला काय कळतंय" हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की जन्मून तीन दिवसही न झालेलं बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलतं. नऊ महिने आतून ऐकलेला आवाज त्याच्या ओळखीचा असतो. म्हणून आमच्याकडे आलेलं सगळ्यात लहान बाळसुद्धा कोरी पाटी नसायचं. काहीतरी हरवूनच ते आलेलं असायचं.

मी कामाला लागले त्या काळात पाळण्यांची खोली शांत असली की पाहुणे कौतुक करत. देणगीदार यायचे, ओळीनं लावलेले स्वच्छ पाळणे बघायचे आणि म्हणायचे, "किती शहाणी बाळं आहेत, अजिबात रडत नाहीत." ती शांतता वाईट होती. रडून कुणी येत नाही हे कळलेलं बाळ रडायचं सोडून देतं. पाळीला सांभाळणाऱ्या दोन-तीन मावश्या आणि वीसेक बाळं असली की बाटली उशीला टेकवून तोंडात दिली जायची. सतत उताणं पडून डोकं मागून चपटं व्हायचं, तिथले केस झडायचे. अशी बाळं उचलली की अंगाला बिलगत नसत. काही ताठ व्हायची, काही हातात लोळागोळा पडायची. वजन वाढत असायचं, लसी वेळेवर असायच्या, फाइल पूर्ण असायची.

डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियात चाउशेस्कूची सत्ता कोसळली आणि तिथल्या अनाथगृहांची चित्रं जगापुढे आली, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना त्यात ओळखीचं काहीतरी दिसलं. पुढे २००० पासून बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अशा १३६ मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. संस्थेतून बाहेर काढून कुटुंबात ठेवलेली मुलं सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं ती जास्त सुधारली. दत्तकाच्या कागदांना होणारा प्रत्येक महिन्याचा उशीर मला त्यानंतर बाळाच्या वयात मोजायची सवय लागली.

एका संस्थेत, तिचं नाव घेत नाही, मावश्यांच्या पाळ्या मुद्दाम बदलत ठेवायचा नियम होता. बाळाला एकीचा लळा लागू नये, म्हणजे दत्तक जाताना त्रास होणार नाही, असा त्यामागचा विचार. ऐकायला तो सोयीचा वाटायचा. तो चुकीचा आहे हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, आमच्याच एका मावशीनं पटवलं.

सातव्या महिन्यात जन्मलेली, दीड किलोच्या आसपास वजनाची एक मुलगी सरकारी दवाखान्यातून आमच्याकडे आली. तिला अंगाशी धरून ठेवा, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीला एडगर रे या डॉक्टरनं ती सुरू केली, कारण काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालायची आणि आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं. आईची ऊब, श्वास आणि ठोके यांवर बाळाचं अंग स्थिरावतं. आमच्याकडे आई नव्हती. पन्नाशीच्या एका मावशीनं ते काम घेतलं. तिला मूलबाळ झालेलं नव्हतं. पदराखाली त्या पोरीला बांधून ती निवडणं-टिपणं करायची, खुर्चीत बसून पेंगायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. "ताई, लेकरू छातीशी नसलं तर वाढत नसतंय," हे तिचं शास्त्र. पोर वाढली. पाच-सहा महिन्यांची झाली तेव्हा मावशी दारातून दिसली की हसायची आणि गेली की भोकाड पसरायची.

तिला दत्तक घ्यायला आई-बाबा आले तेव्हा आम्हाला धास्ती होती. पहिले चार दिवस ती खूप रडली, हे खरं. पण दोन आठवड्यांत तिनं नव्या आईच्या मानेत तोंड खुपसलं. त्याच सुमारास न रडता, शहाण्यासारखं गेलेलं दुसरं एक बाळ सहा महिने झाले तरी आईकडे बघत नव्हतं. पुढे हे पुन्हा पुन्हा दिसलं. ज्याला एकदा कुणाचा तरी लळा लागला आहे, तेच बाळ दुसऱ्याचा लळा लावून घेऊ शकतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक बाळाला एक मावशी नेमून दिली. मावशीला त्याची किंमत मोजावी लागली. ती पोर गेल्यावर त्या बाईला कितीतरी रात्री झोप नव्हती, छातीवर वजन नसल्यासारखं वाटतं म्हणायची. तिला आठवडाभर पगारी सुट्टी द्यायला संस्थेच्या व्यवस्थापन समितीला पटवणं हे बाळ दत्तक देण्याइतकंच अवघड गेलं.

आता दत्तक घेणाऱ्या आईकडे येते.

जुन्या काळी आपल्याकडचं दत्तकविधान हा बाप्यांचा मामला होता. गादीला वारस, पिंडाला मुलगा. कायद्यातही ते बरेच दिवस राहिलं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावानं दत्तक घेता येऊ लागलं. नवरा असलेल्या बाईनं मात्र संमती तेवढी द्यायची, दत्तक घेणार नवरा. विवाहित स्त्रीला स्वतः दत्तक घेण्याचा हक्क मिळाला तो २०१० च्या दुरुस्तीनं. या महाराष्ट्रात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला आपला यशवंत केलं. त्याच महाराष्ट्रात माझ्या टेबलासमोर शिकलीसवरलेली सासू विचारायची, "पण सूनबाईला ते आपलं वाटेल का?"

हा प्रश्न सूनबाईच्या मनातही असतो, ती बोलत नाही एवढंच. एक आई बाळ घरी नेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला फोन करून म्हणाली, "ताई, मला काहीच वाटत नाहीये. मी दुसऱ्या कुणाचं तरी बाळ सांभाळतेय असं वाटतं. मी वाईट आहे का?" आठ वर्षं उपचार घेऊन थकलेली बाई. बाळ आल्या दिवशी आनंदानं रडली होती. मी तिला भेटायला गेले तेव्हा घरात पाहुणे होते आणि बाळ दर अर्ध्या तासाला नव्या हातात जात होतं. आंघोळ घालायला बाई लावलेली, रात्रीची बाटली सासूबाई देत, कारण सूनबाईला सकाळी नोकरीवर जायचं असे. आईच्या वाट्याला बाळाचं अंग येतच नव्हतं. मी सांगितलं, आठ दिवस रजा घ्या, बाळाला तेल तुम्ही लावा, दूध तुम्ही पाजा, उघड्या अंगाशी घेऊन निजा. प्रेम वाटतंय का हे रोज तपासू नका. महिन्यानं तिचा फोन आला, की रात्री बाळ कुशीवर वळायच्या आधी मला जाग येते. तिला हवं ते उत्तर तिचं तिलाच मिळालं होतं. ज्यांनी स्वतः जन्म दिला अशाही कितीतरी आयांना पहिल्या दिवशी काही वाटत नाही. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून ते झाकलं जातं.

उलट एक सासू अशी भेटली की तिला मी जन्मभर विसरणार नाही. सांगलीकडची, चौथी शिकलेली. नातू दोन महिन्यांहून थोडा मोठा होऊन घरी आला. तिनं सुनेला सव्वा महिना खोलीबाहेर पडू दिलं नाही. डिंकाचे-अळिवाचे लाडू, सकाळी तेल लावून कढत पाण्याचं न्हाणं, बाळ-आईला एका खाटेवर. गल्लीतल्या बायका हसल्या, म्हणाल्या, हिनं कुठं कळा सोसल्यात? सासूनं उत्तर दिलं, "तिच्या अंगाला बाळ कळाया नको?" एवढ्या एका वाक्यात तिनं जे सांगितलं ते आमच्या प्रशिक्षणांत दोन-दोन दिवस सांगूनही लोकांना उमजत नसे. कातडीला कातडी लागली की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. बाळंतपण झालेल्या बाईच्याच बाबतीत हे होतं असं नाही. सांभाळणाऱ्या बाईत होतं, बापातही होतं. शरीर नातं शिकतं आणि त्याला शिकायला वेळ लागतो.

तो वेळ मिळणं अवघड होतं. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती लाभ कायद्यात दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा आली, पण तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ घेतलं तरच. सोपवलेलं बाळ ६० दिवस दत्तकासाठी मुक्तच होत नाही. त्यानंतर वैद्यकीय अहवाल, ऑनलाइन नोंद, कुटुंबाची निवड. तीन महिन्यांच्या आत घरी गेलेलं बाळ आमच्याकडे विरळाच. ही अट लिहिणाऱ्यांनी शिशुगृहाची पायरी चढली असती तर ती घातली नसती.

दुधाबद्दलही सांगायला हवं, कारण हे कुजबुजत विचारलं जातं. मूल न झालेल्या बाईला दूध येऊ शकतं. स्तन चोखल्यानं किंवा पंपानं काही आठवडे नियमित उत्तेजन दिलं की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधंही दिली जातात. बाळ अंगावर असताना स्तनाशी बारीक नळी लावून तिच्यातून वरचं दूध देतात, म्हणजे बाळाचं पोट भरतं आणि चोखणंही चालू राहतं. दूध बहुधा पुरेसं येत नाही, वरचं द्यावंच लागतं. मी पाहिलेल्या एका आईला दिवसाला काही चमचेच यायचं. तिला त्याचं अप्रूप होतं आणि तिच्या नवऱ्याला सुरुवातीला संकोच. दुसऱ्या एकीनं दोन महिने आधीपासून तयारी केली होती, पण बाळ पाच महिन्यांचं, बाटलीला सरावलेलं. त्यानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. ती बाई खचली, जणू परीक्षेत नापास झाली. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगत आले: बाळाला जवळ घ्यायची एक रीत म्हणून करायचं असेल तर जरूर करा, आई असल्याचा पुरावा म्हणून करू नका. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. तिथे अनोळखी बायांचं दूध अनोळखी बाळं पितात आणि जगतात. दुधानं जीव वाचतो. आईपण ठरवायला ते एकटं पुरत नाही.

मोठ्या मुलांच्या बाबतीत हे सगळं अवघड होतं. पाच-सहा वर्षांचं मूल घरी येतं ते स्वतःच्या वासासकट, उवांसकट, अंगावरच्या व्रणांसकट. एका आईनं मला मान खाली घालून सांगितलं होतं, "त्याच्या अंगाचा वास मला सहन होत नाही." ऐकणाऱ्याला राग येईल. मला आला नाही. शरीर जसं स्वीकारतं तसं नाकारतंही आणि त्यावर बाईचा ताबा नसतो. आम्ही उपाय सुचवले: एकच साबण वापरा, केसांना तेल लावा, जेवताना शेजारी घ्या. आधी हातापायांना मलम लावण्याइतका स्पर्श पुरे. काही घरांत हे जमलं. या घरात नाही जमलं. मूल परत आलं, दोन वर्षांनी दुसऱ्या घरी गेलं आणि तिथे रुळलं. "प्रेमानं सगळं जिंकता येतं" हे वाक्य मी त्यानंतर कुठल्याही पालक बैठकीत उच्चारलं नाही.

नव्या पालकांना आम्ही पुढे एक साधी सवय लावली. बाळ न्यायच्या आधी आईनं दोन-तीन दिवस अंगाशी वापरलेला सुती दुपट्टा आमच्याकडे द्यायचा, तो पाळण्यात घालायचा. बाळ घरी जाताना त्याची इथली न धुतलेली गोधडी बरोबर द्यायची. घरी गेल्या गेल्या सुगंधी साबणानं आंघोळ घालायची नाही. एका आजोबांना ही गोधडी अस्वच्छ वाटली आणि त्यांनी ती टाकून दिली. ते बाळ तीन रात्री झोपलं नाही. मग संस्थेतून दुसरी मागवली.

मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की आयांच्या फोनची दुसरी फेरी सुरू होते. "जवळ येऊ देत नाही. हात झटकतो. दत्तक असल्याचं सांगितलं म्हणून तर नाही ना?" मी विचारते, शेजारचा मुलगा आईला जवळ येऊ देतो का? नाही देत. मग तुमचाही तसाच आहे. काही वेळा प्रश्न खरंच दत्तकाचा असतो. पुष्कळदा तो फक्त मिशा फुटण्याचा असतो.

मुलींच्या बाबतीत वळणाचा क्षण नंतर येतो. आमच्याकडून गेलेली एक मुलगी गरोदरपणी माझ्याकडे आली. डॉक्टरांनी विचारलं होतं, आईला मधुमेह होता का, आईची बाळंतपणं कशी झाली? तिच्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यानं अठरा पूर्ण झालेल्या मुलाला आपल्या मुळाचा शोध घेता येतो, पण जन्मदात्रीच्या संमतीवाचून तिची ओळख सांगता येत नाही. फाइलमध्ये होती तेवढी वैद्यकीय माहिती आम्ही तिला दिली. ती फार थोडी होती. तिचं बाळंतपण तिच्या आईनं केलं, जिनं तिला वाढवलं तिनं. बाळाला पाहिल्यावर ती म्हणाली, "माझ्यासारखे कान असलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतेय." आईला हे ऐकून दुखलं असेल असं मला वाटलं. आई हसून म्हणाली, कान तुझे असतील, रडणं माझ्या घरातलं आहे. दोघी खरं बोलत होत्या, आणि एकीचं खरं ठरावं म्हणून दुसरीचं खोटं ठरवावं लागलं नाही.

परदेशी दत्तक गेलेली काही मुलं मोठी होऊन परत येतात. मराठी येत नसतं, कागदांतून फारसं हाती लागत नाही. अशा एका तरुणीला आम्ही निवृत्त मावशीच्या घरी नेलं. मावशीला ती आठवत नव्हती. तरी तिनं मुलीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मुलीला अर्थ कळला नाही, पण ती तिथे दोन तास बसली. नंतर तिनं मला सांगितलं, की मला कुणीतरी हातात घेतलं होतं एवढं समजलं, तेच शोधत होते.

हे सगळं पाहून माझं मत झालं आहे ते असं. जन्म देणाऱ्या आईचं आणि मुलाचं शारीरिक नातं खरं आहे, सहीनं ते पुसलं जात नाही. वाढवणाऱ्या आईचं नातंही शारीरिकच असतं. ते तयार असलेलं मिळत नाही, रोजच्या उचलण्या-निजवण्यातून होतं. पहिलं नाकारलं की जन्मदात्रीचे हाल होतात आणि मुलाचे प्रश्न दाबले जातात. दुसऱ्याला वेळ दिला नाही की दत्तक आई स्वतःला गुन्हेगार समजू लागते.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं सांगणं अगदी व्यवहाराचं आहे. तुमच्या ओळखीच्या घरात दत्तक बाळ आलं तर पहिला सव्वा महिना भेटायला जाऊ नका. गेलात तर डबा घेऊन जा आणि बाळ हातात मागू नका. घरातल्यांनी स्वयंपाक, धुणी, पाहुणे आपल्याकडे घ्यावेत आणि बाळ आई-बापांच्या अंगावर राहू द्यावं. मूल दत्तक आहे हे त्याला कळायला लागायच्या आधीपासून सांगत जा, त्याला जन्म देणाऱ्या बाईबद्दल वाईट बोलू नका. आणि तुमच्या गावात, नात्यात एखाद्या मुलीनं बाळ सोपवलं असेल तर तिला दूषणं देण्यापूर्वी दीड महिना पाण्याची घागर उचलू देऊ नका. तीही बाळंतीण आहे.